एक्सेलमध्ये ‘७/१२’ची तारीख का होते? ॲरेमधल्या डेटा टाइपच्या चुका अशा ओळखा, अशा दुरुस्त करा

एक्सेल उघडा. कुठल्याही रिकाम्या चौकटीत इंग्रजी अंकांमध्ये ७/१२ टाइप करा आणि एंटर दाबा. सातबारा गायब होतो आणि तिथे ७ डिसेंबर ही तारीख येते. संगणकावर अमेरिकी पद्धतीची तारीख निवडलेली असेल, तर १२ जुलै.

आता त्या चौकटीचा प्रकार बदलून ‘टेक्स्ट’ करून पाहा. सातबारा परत येईल असं वाटतं, पण येत नाही. २०२५ मध्ये हे टाइप केलं असेल, तर ४५९९८ असा आकडा समोर येतो. कारण एक्सेल तारखा दिवसांच्या क्रमांकाने साठवतं. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस, तिथून पुढे मोजत गेलं की ७ डिसेंबर २०२५ चा क्रमांक ४५९९८ येतो. तुम्ही मुळात काय टाइप केलं होतं, याची नोंद त्या चौकटीत आता उरलेलीच नाही.

एका चौकटीपुरतं हे गमतीचं आहे. पण समजा, गावातल्या चारशे शेतकऱ्यांची यादी करायची आहे आणि एका रकान्यात गट क्रमांक आणि हिस्सा लिहायचा आहे. १२/३ ची तारीख होते. ४५/२अ मध्ये अक्षर असल्यामुळे तो मजकूर म्हणून तसाच राहतो. एकाच रकान्यात काही ठिकाणी तारखा, काही ठिकाणी मजकूर. पुढे ही यादी अनुदानाच्या यादीशी जुळवायला घेतली, की १२/३ वाला शेतकरी कुठेच जुळत नाही. त्याने काही चूक केलेली नाही. टाइप करणाऱ्यानेही बरोबरच टाइप केलं होतं. चूक झाली ती डेटा टाइपची.

प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या प्रत्येकाची या चुकीशी पहिल्या महिन्यातच गाठ पडते. ती का होते आणि कशी दुरुस्त करायची, ते समजून घेऊया.

डेटा टाइप म्हणजे नेमकं काय?

संगणकाच्या मेमरीत फक्त शून्य आणि एक असतात. त्या शून्य-एकांच्या ओळीचा अर्थ आकडा असा लावायचा, अक्षर असा लावायचा की तारीख असा, हे ठरवणारी खूण म्हणजे डेटा टाइप.

नेहमी लागणारे प्रकार चारच आहेत. पूर्णांक म्हणजे इंटिजर, दशांश चिन्ह असलेली संख्या म्हणजे फ्लोट, मजकूर म्हणजे स्ट्रिंग आणि खरं-खोटं म्हणजे बूलियन.

गोंधळ होतो तो मुख्यतः आकडा आणि मजकूर यांच्यात. पडद्यावर ९८ दिसतं, तेव्हा ती अठ्ठ्याण्णव ही संख्या असू शकते किंवा ‘९’ आणि ‘८’ ही शेजारी शेजारी ठेवलेली दोन चिन्हं असू शकतात. माणसाला दोन्ही सारखंच दिसतं. संगणकासाठी पहिल्याची बेरीज होते, दुसऱ्याची होत नाही.

वेबसाइटवरच्या फॉर्ममधून, साध्या मजकुराच्या फाइलमधून किंवा कीबोर्डवरून आलेली माहिती जवळपास नेहमी मजकूर म्हणूनच येते. पायथनमध्ये ‘इनपुट’ ही आज्ञा वापरून वय विचारलं आणि वापरणाऱ्याने २१ लिहिलं, तरी प्रोग्रॅमच्या हातात पडतो तो मजकूर.

मग ॲरेमध्येच हा त्रास जास्त का?

ॲरे म्हणजे एका ओळीत मांडलेली माहिती. अंड्यांचा ट्रे डोळ्यांसमोर आणा. सगळे खळगे एकाच मापाचे, म्हणून सातवं अंडं कुठे आहे हे शोधावं लागत नाही.

मेमरीत हेच घडतं. ३२ बिटांचा एक पूर्णांक ४ बाइट जागा घेतो. ॲरेची सुरुवात कुठे आहे हे माहीत असेल, तर दहावा आकडा तिथून ९ गुणिले ४, म्हणजे ३६ बाइट पुढे असणार. एक गुणाकार आणि एक बेरीज, की जागा सापडली. ॲरे वेगवान असतो तो यामुळे. पण हा हिशेब जुळायचा तर प्रत्येक घराचं माप सारखं हवं, म्हणजेच प्रत्येक घरातल्या माहितीचा प्रकार एकच हवा.

सी आणि जावासारख्या भाषा हा नियम कडकपणे पाळतात. पूर्णांकांच्या ॲरेमध्ये मजकूर टाकायला गेलात, तर जावाचा प्रोग्रॅम सुरूच होत नाही. पायथनची लिस्ट आणि जावास्क्रिप्टचा ॲरे मात्र सैल आहेत. त्यांत आकडा, नाव, तारीख, काहीही शेजारी शेजारी ठेवता येतं. शिकताना हे सोयीचं वाटतं, पण जबाबदारी भाषेकडून लिहिणाऱ्याकडे येते. एक्सेलचा रकाना हाही एक सैल ॲरेच आहे.

आणि ॲरेमध्ये चूक एका ठिकाणी राहत नाही. हजार आकड्यांमध्ये एक चुकीचा घुसला, तर बेरीज, सरासरी, क्रमवारी सगळंच बिघडतं.

ओरडणारी चूक कशी वाचायची?

काही चुका झाल्या की प्रोग्रॅम तिथल्या तिथे थांबतो आणि लाल अक्षरात संदेश देतो. नवख्यांना या संदेशांची भीती वाटते, पण त्यांतच बहुतेक वेळा उत्तर असतं.

पायथनमध्ये मजकूर असलेल्या गुणांच्या लिस्टची बेरीज करायला ‘सम’ वापरलं, तर ‘टाइपएरर’ येतो. इंट आणि स्ट्र यांच्यामध्ये अधिकचं चिन्ह चालत नाही, असं तो सांगतो. इथे अनेक जण गोंधळतात. लिस्टमध्ये तर एकही पूर्णांक नाही, मग हा इंट आला कुठून? ‘सम’ची बेरीज शून्यापासून सुरू होते. तो शून्य म्हणजे इंट आणि लिस्टमधला पहिलाच घटक म्हणजे स्ट्र. याचा अर्थ लिस्टमध्ये आकडे नसून मजकूर आहे.

दुसरा नेहमीचा संदेश म्हणजे ‘व्हॅल्यूएरर’. इथे प्रकार योग्य असतो, पण आतली माहिती रूपांतराला चालत नाही. मजकुराला पूर्णांक करणाऱ्या ‘इंट’ला ‘९८.४०’ दिलं की तो नकार देतो, कारण त्यात दशांश चिन्ह आहे. तिथे ‘फ्लोट’ वापरावा लागतो. ‘१२,५००’ दिलं तर स्वल्पविराम आडवा येतो आणि इथे ‘फ्लोट’ही मदत करत नाही. आधी स्वल्पविराम काढायचा, मग रूपांतर करायचं.

पायथन असा कायमच ओरडत नव्हता. पायथन २ मध्ये आकडा आणि मजकूर यांची लहान-मोठी तुलना चालायची आणि आकडा नेहमी लहान ठरायचा. त्याला काही अर्थ नव्हता, पण प्रोग्रॅम पुढे जायचा. २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ ने ही सवलत काढून टाकली. तेव्हापासून तिथे टाइपएरर येतो.

गप्प बसणारी चूक जास्त धोकादायक का?

कारण ती कळतच नाही. पुढची चार उदाहरणं पाहा. चारही ठिकाणी कोणताही इशारा येत नाही.

पहिलं उदाहरण गुणवत्ता यादीचं. समजा, एका शाळेने दहावीच्या मुलांची टक्केवारी जावास्क्रिप्टच्या ॲरेमध्ये घेतली आणि नेहमीची ‘सॉर्ट’ आज्ञा वापरून ती जास्तीकडून कमीकडे लावली. ही आज्ञा, वेगळं काही सांगितलं नाही तर, सगळ्याची तुलना मजकूर म्हणून करते. ॲरेमध्ये खरे आकडे असले तरीही. शब्दकोशात जसं पहिलं अक्षर पाहतात, तसं ती पहिलं चिन्ह पाहते. १०० ची सुरुवात १ ने, ३५ ची ३ ने. त्यामुळे शंभर टक्के मिळवलेली मुलगी पस्तीस टक्केवाल्याच्याही खाली जाते. उपाय सोपा आहे. टक्केवारी आधी आकड्यांत बदलायची आणि ‘सॉर्ट’ला तुलनेचा नियम द्यायचा: दोन आकड्यांची वजाबाकी कर आणि त्यावरून क्रम ठरव.

दुसरं उदाहरण रुपयांचं. आपल्याकडे सव्वा लाख ‘१,२५,०००’ असे लिहितात. जावास्क्रिप्टमधल्या ‘पार्सइंट’ला हा मजकूर दिला, तर तो पहिल्या स्वल्पविरामापाशी थांबतो आणि उत्तर देतो १. सव्वा लाखाचा एक रुपया होतो. त्याऐवजी ‘नंबर’ वापरलं तर ‘नॅन’ येतं, म्हणजे ‘ही संख्या नाही’. त्याने निदान शंका तरी येते.

तिसरं उदाहरण गावांच्या नावांचं. पायथनमध्ये मोठ्या गणितासाठी ‘नमपाय’ हे साधन वापरतात. त्याचा ॲरे सी भाषेसारखा कडक असतो आणि त्यात मजकुरासाठीही ठराविक मापाचीच घरं असतात. पुणे, नाशिक आणि सातारा यांचा ॲरे केला, तर सर्वात लांब नावाएवढं माप ठरतं. काना, मात्रा, वेलांटी धरून सातारा या शब्दात ६ चिन्हं आहेत. आता पुण्याच्या जागी कोल्हापूर लिहिलं, तर पहिली सहा चिन्हं राहतात आणि बाकीची कापली जातात. ॲरे छापून पाहिला की कोल्हापूरचा ‘कोल्हा’ झालेला असतो.

चौथं उदाहरण बेरजेचं. जागा वाचवण्यासाठी नमपायमध्ये ८ बिटांचा पूर्णांक निवडता येतो. त्यात उणे १२८ ते १२७ एवढेच आकडे मावतात. दोन विषयांच्या गुणांचे असे दोन ॲरे करून त्यांची बेरीज केली, तर १०० आणि १०० मिळून उत्तर येतं उणे ५६. माप भरलं की मोजणी दुसऱ्या टोकापासून पुन्हा सुरू होते. याला ओव्हरफ्लो म्हणतात. उपाय एकच: सर्वात मोठं उत्तर किती येऊ शकतं याचा अंदाज घेऊन १६ किंवा ३२ बिटांचा प्रकार निवडायचा.

मापाचा हा विषय किती महाग पडू शकतो, ते ४ जून १९९६ रोजी दिसलं. युरोपचं एरियन ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झालं. आडव्या वेगाशी संबंधित ६४ बिटांचा एक दशांश आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात बसवायला गेले आणि तो बसला नाही. हा कोड आधीच्या एरियन ४ साठी लिहिलेला होता. त्या रॉकेटच्या वेगाला ते माप पुरत होतं.

चूक शास्त्रज्ञांच्याही लक्षात येत नाही का?

येत नाही, आणि त्याचं सर्वात गाजलेलं उदाहरण पुन्हा एक्सेलचंच आहे. माणसाच्या जनुकांना छोटी नावं दिलेली असतात. त्यांपैकी एक होतं ‘सेप्ट२’, दुसरं ‘मार्च१’. इंग्रजी अक्षरांत ही नावं एक्सेलमध्ये लिहिली की ती २ सप्टेंबर आणि १ मार्च होतात.

संशोधकांनी याबद्दल २००४ मध्येच इशारा दिला होता. आकड्यांच्या मध्ये इंग्रजी ‘ई’ अक्षर असलेले ओळख क्रमांकही एक्सेल दहाच्या घातातली मोठी संख्या समजून बदलून टाकतं, हेही त्यांनी दाखवलं होतं. तरी चूक थांबली नाही. २०१६ मध्ये ‘जीनोम बायोलॉजी’ या नियतकालिकात मार्क झीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशी बिघडलेली नावं सापडली.

शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने नावंच बदलली. सेप्ट२ चं सेप्टिन२ झालं, मार्च१ चं मार्चएफ१. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये काही आपोआप होणारे बदल बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये दिली.

जनुकांची नावं बदलता आली. गट क्रमांक किंवा बँकेचा खाते क्रमांक असा बदलता येत नाही. त्यामुळे काळजी आपल्यालाच घ्यावी लागते.

दुरुस्ती कशी करायची?

पहिली पायरी: आधी प्रकार पाहा. मूल्य छापून पाहणं पुरेसं नाही, कारण ९८ दोन्ही प्रकारांत सारखंच दिसतं. पायथनमध्ये ‘टाइप’, जावास्क्रिप्टमध्ये ‘टाइपऑफ’, नमपाय आणि पांडाजमध्ये ‘डीटाइप’ वापरून प्रकार विचारा. आकड्यांच्या रकान्याचं उत्तर ‘ऑब्जेक्ट’ आलं, तर आत मजकूर किंवा सरमिसळ आहे असं समजा. एक्सेलमध्ये डोळ्यांनाही अंदाज येतो. आकडे उजवीकडे चिकटतात, मजकूर डावीकडे.

दुसरी पायरी: दुरुस्ती दारातच करा. चूक पन्नासाव्या ओळीत दिसली म्हणून तिथेच रूपांतर ठोकून देण्याचा मोह होतो. मग तीच माहिती सत्तराव्या ओळीत पुन्हा नडते. माहिती प्रोग्रॅममध्ये जिथे शिरते, तिथेच मोकळ्या जागा आणि स्वल्पविराम काढून तिचा प्रकार ठरवला, की पुढच्या सगळ्या ओळी निर्धास्त होतात.

तिसरी पायरी: कोणता रकाना आकड्यांचा आणि कोणता मजकुराचा, हे आधी ठरवा. यासाठी एक साधा प्रश्न पुरतो: या दोन गोष्टींची बेरीज केली तर काही अर्थ निघेल का? गुणांची बेरीज होते, रकमेची होते. दोन मोबाइल क्रमांकांची, दोन पिनकोडची किंवा दोन बैठक क्रमांकांची बेरीज कुणी करत नाही. ते अंकांनी लिहिलेले असले तरी नावंच आहेत, म्हणून ते मजकूर म्हणूनच ठेवायचे. नाही तर ०२० या पुण्याच्या एसटीडी कोडमधला पहिला शून्य उडतो. एक्सेल संख्येचे १५ च अंक नेमके ठेवतं, त्यामुळे १६ अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो. पैसे पाठवताना तो एक अंक सगळ्यात महत्त्वाचा असतो.

चौथी पायरी: रिकाम्या जागांचं काय करायचं ते ठरवा. पांडाजमध्ये पूर्णांकांचा रकाना वाचताना एक जरी जागा रिकामी असेल, तर नेहमीच्या पद्धतीत सगळा रकाना दशांशाचा होतो. ४११००१ हा पिनकोड ४११००१.० होतो आणि दुसऱ्या यादीशी जुळत नाही. जावास्क्रिप्टमधलं ‘नंबर’ तर रिकाम्या मजकुराचं थेट शून्य करतं. परीक्षेला गैरहजर असलेला मुलगा शून्य गुण मिळवून नापास झालेला दिसतो. गैरहजर आणि शून्य यांतला फरक प्रोग्रॅमला आपणहून कळत नाही, तो सांगावा लागतो.

पाचवी पायरी: चूक दाबू नका, मोजा. पांडाजमध्ये आकड्यांत रूपांतर करताना, जमणार नाही तिथे रिकामं ठेव, असं सांगायची सोय आहे. प्रोग्रॅम थांबत नाही, म्हणून ती सोयीची वाटते. पण ती वापरल्यावर किती जागा नव्याने रिकाम्या झाल्या, हे लगेच मोजा. हजारात दोन असतील तर हाताने पाहता येतील. तीनशे असतील तर फाइलमध्येच काहीतरी वेगळं आहे.

सहावी पायरी: शेवटी चार आकडे तपासा. एकूण नोंदी किती, सर्वात लहान किती, सर्वात मोठा किती आणि बेरीज किती. उणे ५६ गुण किंवा एक रुपयाचं कर्ज या तपासणीत लगेच नजरेत भरतं.

मराठी अंकांचं काय?

मराठीतून आलेल्या माहितीत देवनागरी अंक असतात आणि इथे भाषा वेगवेगळ्या वागतात. पायथनचा ‘इंट’ देवनागरीत लिहिलेला १२५ सहज समजून घेतो. जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ मात्र त्याला संख्या मानत नाही आणि नॅन देतं. त्यामुळे एकाच फॉर्मची माहिती दोन ठिकाणी वापरायची असेल, तर दारातच देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक करून घेणं बरं. दहा अंकांची अदलाबदल करणाऱ्या दोन-तीन ओळी त्यासाठी पुरतात.

आणि तो सातबारा?

एक्सेलमध्ये यादी करायची असेल, तर आकडे भरायच्या आधी पूर्ण रकाना निवडा आणि त्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ करा. एक-दोनच नोंदी असतील, तर सुरुवातीला एकेरी अवतरण चिन्ह टाइप केलं तरी चालतं. बाहेरून आलेली स्वल्पविरामांची फाइल असेल, तर तिच्यावर दोनदा क्लिक करून उघडू नका. ‘डेटा’ या मेनूतून ती आत घ्या आणि प्रत्येक रकान्याचा प्रकार तिथेच निवडा. पायथनमध्ये तीच फाइल वाचताना सगळे रकाने आधी मजकूर म्हणून घ्या आणि मग गरज असेल तेवढेच आकड्यांत बदला.

यादी आधीच बिघडलेली असेल, तर तारखांवरून गट क्रमांक उलटे काढण्याच्या फंदात पडू नका. दिवस आधी धरला होता की महिना, हे संगणकाच्या सेटिंगवर ठरतं, आणि फाइल किती संगणकांवर फिरली हे कुणालाच ठाऊक नसतं. मूळ कागद काढून त्या नोंदी पुन्हा भरणं हाच खात्रीचा मार्ग आहे. त्याला एक दुपार जाईल, पण १२/३ वाल्या शेतकऱ्याचं नाव यादीत सापडेल.